रुग्णालयातील मन : जॉर्ज एंगेल यांच्या 'ग्लोव्हर' प्रकरणाचे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

सर्वसाधारण रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाचे नेमके काम कोणते, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात तुलनेने अलीकडचा आहे. मनोरुग्णालयाला स्वतंत्र आवार होते, स्वतंत्र कायदा होता आणि उंच भिंत होती. शरीराचे डॉक्टर भिंतीच्या एका बाजूला व मनाचे डॉक्टर दुसऱ्या बाजूला, अशी ही वाटणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत बहुतेक ठिकाणी टिकून होती. पुढे मनोविकारतज्ज्ञ मेडिसिन, सर्जरी व प्रसूती विभागांच्या वॉर्डांतून वावरू लागले आणि त्यातून 'सल्ला-समन्वय मनोविकारशास्त्र' ही उपशाखा आकाराला आली. या जोडनावातील दोन पदे समानार्थी नाहीत. 'सल्ला' म्हणजे बोलावणे आल्यावर एका रुग्णापुरते जाऊन मत देणे. 'समन्वय' म्हणजे बोलावण्याची वाट न पाहता त्या विभागाच्या चमूचाच एक घटक होऊन राहणे. झेड. जे. लिपोव्स्की यांनी १९६७-६८ मध्ये 'सायकोसोमॅटिक मेडिसिन' या नियतकालिकात या क्षेत्राचा विस्तृत आढावा घेतला, तेव्हापासून या दोन पदांमधील ताण अभ्यासकांना परिचित आहे.

जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात नव्या वैद्यकीय प्रारूपाची गरज प्रतिपादन केली आणि 'जैव-मनो-सामाजिक' ही संज्ञा जगभर रूढ झाली. मात्र त्या प्रारूपाचे प्रत्यक्ष उपयोजन त्यांनी दाखवले ते १९८० मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकिॲट्री'मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात. ग्लोव्हर नावाच्या एका हृदयरुग्णाची हकीकत हा त्या लेखाचा कणा होय. वैद्यकाच्या व मानसशास्त्राच्या वर्गांतून ही हकीकत उदाहरण म्हणून सांगितली जाते, पण संहिता म्हणून ती क्वचितच वाचली जाते. निवेदक कोण आहे, त्याला हे सारे कसे कळले, कोणाला बोलू दिले आहे आणि कोणाला गप्प ठेवले आहे, हे साहित्यसमीक्षेतील नेहमीचे प्रश्न या हकीकतीला विचारले, तर एंगेल यांच्या प्रारूपाचे बळ व त्याच्या मर्यादा या दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात. प्रस्तुत लेखात तसे वाचन केले आहे.

रॉचेस्टरची पार्श्वभूमी

एंगेल (१९१३-१९९९) हे मनोविकारतज्ज्ञ नव्हते, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. ते मुळात मेडिसिनचे डॉक्टर होते. मनोविश्लेषणाचे रीतसर प्रशिक्षण त्यांनी पुढे घेतले, तरी आपली मूळ ओळख त्यांनी सोडली नाही. मनोविकारतज्ज्ञ जॉन रोमानो यांच्याशी त्यांची गाठ बॉस्टनला पडली. त्या काळात एंगेल मनोकायिक विचारांकडे साशंकतेनेच पाहत असत. १९४६ मध्ये रोमानो रॉचेस्टर विद्यापीठात मनोविकारशास्त्राचे विभागप्रमुख म्हणून गेले, त्यांच्याबरोबर एंगेलही गेले, आणि तेथे मेडिसिन व मनोविकारशास्त्र या दोन्ही विभागांत त्यांची नेमणूक झाली. तेथे उभा राहिलेला समन्वय-गट बहुतांशी मेडिसिनमधून आलेल्या डॉक्टरांचा होता. विद्यार्थ्यांना रुग्णाशी बोलायला शिकवायचे तर ते वॉर्डात, खाटेजवळ आणि त्यांच्याच शाखेच्या माणसाने शिकवावे, अशी त्यामागची धारणा होती.

रोमानो आणि एंगेल यांचे सर्वांत भक्कम काम डेलिरियमवरचे आहे. तीव्र आजारात रुग्ण असंबद्ध बोलू लागतो, दिवस-रात्र विसरतो, नसलेली माणसे पाहतो. मराठी घरांत याला 'वात झाला' असे म्हणत आले आहेत. अशा रुग्णांच्या मेंदूचा विद्युत-आलेख मंदावतो आणि मूळ शारीरिक बिघाड दुरुस्त झाला की तो पूर्ववत होऊ लागतो, हे या दोघांनी १९४०च्या दशकात दाखवले. १९५९ मध्ये त्यांनी डेलिरियमचे वर्णन मेंदूच्या कार्यातील अपुरेपणा असे केले. यकृत किंवा मूत्रपिंड जसे अपुरे पडते तसाच मेंदूही अपुरा पडतो, हा विचार वॉर्डातील कोणत्याही डॉक्टरला पटण्याजोगा होता, कारण तो त्याच्याच भाषेत मांडलेला होता. सर्वसाधारण रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाला येणाऱ्या बोलावण्यांत आजही डेलिरियमचे स्थान मोठे आहे. एंगेल यांची कीर्ती मात्र या कामापेक्षा ग्लोव्हर यांच्या कथेवर अधिक उभी आहे, हे थोडे चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

हकीकत

ग्लोव्हर हे ५५ वर्षांचे विवाहित गृहस्थ असून घरे-जमिनींच्या खरेदी-विक्रीचे काम करतात. त्यांना दोन मोठे मुलगे आहेत. सहा महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. एके दिवशी कार्यालयात एकटे असताना तसाच त्रास पुन्हा सुरू होतो. हा दुसरा झटका असावा हे मनात येते आणि दूर सारले जाते. मदत मागण्याऐवजी ते टेबलावरची कामे आवरू लागतात. इतक्यात त्यांचे मालक तेथे येतात. ग्लोव्हर यांची अवस्था त्यांच्या ध्यानात येते. ते त्यांना दरडावत नाहीत, घाबरवतही नाहीत. ग्लोव्हर यांच्या जबाबदारीच्या जाणिवेचे ते कौतुक करतात, कामे इतकी व्यवस्थित लावलेली आहेत की ती दुसरे कोणीही पुढे नेऊ शकेल असे सांगतात, आणि आता रुग्णालयात जाणे हीच कुटुंबाप्रती व कामाप्रतीही जबाबदारी आहे, हे पटवून देतात. ग्लोव्हर तयार होतात.

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात सुरुवात चांगली होते. आपण योग्य हातांत आलो आहोत असे रुग्णाला वाटते. नंतर निवासी डॉक्टर त्यांच्या धमनीत सुई घालण्याचा प्रयत्न करतात. प्रयत्न फसतो, पुन्हा केला जातो, पुन्हा फसतो. वेदना वाढते, विश्वास ढळतो. डॉक्टर मदत आणण्यासाठी निघून जातात आणि ग्लोव्हर एकटे उरतात. संताप येतो, आणि आपण संतापावे याबद्दल अपराधीही वाटते. काही क्षणांत शुद्ध हरपते. हृदयाच्या खालच्या कप्प्यांची लय बिघडून ते नुसते थरथरू लागलेले असते. विजेचा धक्का देऊन त्यांना वाचवले जाते. वेळेवर रुग्णालयात आल्यामुळे प्राण वाचले, असे उपस्थितांचे म्हणणे. एंगेल यांचा प्रश्न वेगळा आहे: हृदय बंद पडणे टाळता आले असते काय?

या घटनाक्रमाशेजारी एंगेल आकृत्यांची मालिका ठेवतात. रेणू, पेशी, ऊती, इंद्रिये, मज्जासंस्था, व्यक्ती, दोन व्यक्तींमधील संबंध, कुटुंब, समुदाय, अशी उतरंड मांडून कोणत्या क्षणी कोणत्या पातळीवर काय घडले व त्याचे पडसाद वर-खाली कसे उमटले, हे ते दाखवतात. ही व्यवस्था-सिद्धांताची भाषा फोन बेर्टालान्फी व पॉल वाईस यांच्याकडून घेतलेली आहे. मालकाचे बोलणे आणि हृदयाच्या स्नायूतील ऑक्सिजनचा पुरवठा एकाच पानावर, एकाच मांडणीत येतात. कथेची खरी नवता येथे आहे. वैद्यकीय प्रकरणात मालकाला जागा मिळणे १९८० मध्ये नवीन होते, आणि आजच्या केसपेपरमध्येही त्याला रकाना नाही.

निवेदकाचे स्थान

ग्लोव्हर यांच्या मनात काय चालले होते हे एंगेल यांना कसे कळले? नंतर घेतलेल्या मुलाखतीतून. म्हणजे वाचकासमोर जे येते ते घटनेच्या वेळचे मन नसून, वाचलेल्या माणसाने आठवून सांगितलेले आणि जाणत्या डॉक्टरने प्रश्न विचारून बाहेर काढलेले मन होय. कोणत्याही आत्मकथनाला ही मर्यादा असतेच. परंतु आत्मकथनाचा वाचक ती गृहीत धरतो. आकृतीचा वाचक ती विसरतो. आठवणीतला संताप चौकटीत लिहिला, त्यापासून बाण काढून हृदयाच्या लयीपर्यंत नेला, की तो रक्तदाबासारखा मोजलेला भासतो. कथनातील 'नंतर' आकृतीत नकळत 'त्यामुळे' होते.

कथेतील दुसरी बाब पात्रांच्या वाटपाची. ग्लोव्हर यांचे अंतरंग तपशिलाने येते, मालकाचे शब्द सहानुभूतीने येतात. निवासी डॉक्टरांचे अंतरंग मात्र वाचकासमोर तितक्या तपशिलाने येत नाही. एंगेल यांच्या उतरंडीत 'दोन व्यक्ती' ही स्वतंत्र पातळी आहे, आणि प्रारूपाचे वेगळेपण बरेचसे तिच्यावरच अवलंबून आहे. पण तातडीच्या विभागातील प्रसंगात त्या दोघांपैकी एकच व्यक्ती जिवंत होते. दुसरी म्हणजे सुई धरलेला हात. वरिष्ठ काय म्हणतील ही धास्ती, हात चुकल्याची शरम, त्या शरमेपोटी रुग्णाच्या चेहऱ्याकडे न पाहणे, या गोष्टी अध्यापन-रुग्णालयात वावरलेल्या कोणालाही नवीन नाहीत. त्या कथेत भरीव रूपाने आल्या असत्या तर प्रारूप अधिक पूर्ण झाले असते, आणि दोषाची वाटणीही कदाचित वेगळी झाली असती. समन्वय-मनोविकारशास्त्राच्या व्यवहारात ही जाण पुढे आली: वॉर्डातून येणारे बोलावणे पुष्कळदा रुग्णाच्या अडचणीइतकेच वॉर्डाच्या अडचणीबद्दल असते. 'रुग्ण सहकार्य करीत नाही' या एका ओळीमागे किती जणांची दमछाक असते, हे अनुभवी तज्ज्ञ आधी चाचपून पाहतो.

येथे एक चरित्रविषयक तपशील नोंदवणे आवश्यक आहे. एंगेल यांचे जुळे बंधू फ्रँक हेही डॉक्टर होते. १९६३ मध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले आणि वर्ष पुरे होण्याच्या आत जॉर्ज यांनाही हृदयविकाराचा झटका आला. या अनुभवावर त्यांनी १९७५ मध्ये जुळ्या भावाचा मृत्यू व स्मृतिदिनाशी निगडित प्रतिक्रिया यांसंबंधी दीर्घ आत्मविश्लेषणात्मक निबंध लिहिला. ग्लोव्हर यांच्या प्रकरणाचा निवेदक स्वतः हृदयरुग्ण होता, हे १९८०च्या लेखाच्या ओघात वाचकाला जाणवत नाही. चरित्रावरून संहितेचा अर्थ लावण्यातले धोके मराठी समीक्षेला चांगले ठाऊक आहेत. त्यामुळे यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. परंतु 'हे टाळता आले असते काय' या प्रश्नामागची कळकळ केवळ शास्त्रीय नसावी, इतके म्हणायला हरकत नाही.

कार्यकारणाचा पेच

हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे पहिले काही तास हेच लय बिघडण्याच्या दृष्टीने सर्वाधिक धोक्याचे असतात. ग्लोव्हर यांचे हृदय सुईच्या प्रयत्नांनंतर बंद पडले हे खरे. सुई सहज गेली असती आणि कोणीतरी हात धरून शेजारी बसले असते, तर ते बंद पडलेच नसते, हे एका प्रकरणावरून सिद्ध होत नाही. एंगेल यांचे विधान शक्यतेच्या पातळीवर ग्राह्य आहे. त्यांच्या अनुयायांनी ते पुराव्याच्या पातळीवर नेले, तेव्हा गोंधळ झाला.

या गोंधळाला पूर्वेतिहास आहे. फ्रान्झ अलेक्झांडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जठरव्रण, दमा, मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह अशा सात आजारांमागे विशिष्ट मानसिक संघर्ष कल्पिले होते. एंगेल यांनीही आतड्याच्या त्या दाहावर विपुल लेखन केले. पोटातून थेट नळी काढावी लागलेल्या मोनिका नावाच्या बालिकेच्या भावस्थितीचा व जठरातील स्रावाचा संबंध त्यांनी रायक्समन यांच्यासह काळजीपूर्वक निरखला. तो अभ्यास आजही वाचनीय आहे. पण १९८०च्या दशकाच्या आरंभी बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी जठरव्रणामागील जिवाणू दाखवून दिला, २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि मनोकायिक वैद्यकाचे सर्वांत लाडके उदाहरण जवळजवळ एका रात्रीत हातचे गेले. प्रतिजैविकांनी बरा होणारा अल्सर ही केवळ वैद्यकीय घटना नव्हती. 'मनामुळे होते' असे सांगणाऱ्याची वॉर्डातली पत तिच्यामुळे घसरली.

हृदयविकाराबाबत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. मॉन्ट्रियल येथील नॅन्सी फ्रेझर-स्मिथ व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले की, झटक्यानंतर नैराश्याने ग्रासलेल्या रुग्णांमध्ये पुढील सहा महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक असते. एंगेल यांच्या अंतःप्रेरणेला हा मोठाच आधार होता. तथापि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एनरिच्ड' चाचणीत, २४८१ रुग्णांमध्ये, नैराश्यावर व एकाकीपणावर उपचार केल्याने मनःस्थिती थोडी सुधारली, पण मृत्यू व पुन्हा येणारे झटके कमी झाले नाहीत. मन हृदयाशी निगडित आहे, पण मनावर उपचार केल्याने हृदय वाचतेच असे नाही, असा हा दुहेरी निकाल आहे. मनोविकारतज्ज्ञाच्या रुग्णालयातील स्थानाचे समर्थन केवळ आयुर्मान वाढवण्याच्या भाषेत करायचे ठरवले, तर हा निकाल अडचणीचा ठरतो. ते समर्थन मुळात त्या भाषेत का करावे, हाही प्रश्न आहे. वेदना कमी करणाऱ्या औषधाने आयुष्य वाढते काय, असे कोणी विचारत नाही.

अनुपस्थित मनोविकारतज्ज्ञ

ग्लोव्हर यांच्या कथेत सर्वांत लक्षणीय अनुपस्थिती मनोविकारतज्ज्ञाची आहे. त्याला कोणी बोलावलेले नाही, आणि त्याला बोलवायला हवे होते असेही एंगेल यांचे म्हणणे नाही. त्यांची मागणी अशी की, सुई धरणाऱ्या डॉक्टरनेच रुग्णाकडे माणूस म्हणून पाहावे. म्हणजे समन्वयाचा आदर्श पूर्णतः साध्य झाला, तर वॉर्डातील मनोविकारतज्ज्ञ अनावश्यक ठरेल. लिपोव्स्की यांचा आग्रह नेमका याउलट होता: ही विशेष ज्ञानाची शाखा आहे आणि ती विशेषज्ञानेच चालवावी. इतिहासाने बहुतांशी लिपोव्स्की यांच्या बाजूने कौल दिला. अमेरिकेत २००३ मध्ये तिला अधिकृत उपविशेषतेचा दर्जा मिळाला. घोषणा मात्र एंगेल यांच्या राहिल्या.

नासिर घाएमी यांनी २०१० च्या आपल्या ग्रंथात या प्रारूपाच्या उदयास्ताची कठोर चिकित्सा केली आहे. सर्वच घटक महत्त्वाचे आहेत असे म्हणणारे प्रारूप कोणता घटक केव्हा महत्त्वाचा हे सांगत नाही, आणि त्यामुळे ज्याला जे आवडेल ते करण्याची मुभा देते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होय. तो प्रारूपाला लागू पडतो. ग्लोव्हर यांच्या कथेला पूर्णपणे लागू पडत नाही. कारण कथेतील मालक 'सर्व घटकांचा' विचार करीत बसत नाही. जबाबदारी या एकाच शब्दाशी हा माणूस बांधलेला आहे हे ओळखून तो त्या शब्दाचा अर्थ फिरवतो. काम सोडून जाणे हा बेजबाबदारपणा वाटत होता, तीच जबाबदारी ठरते. एंगेल यांच्या संपूर्ण लेखात रुग्णाच्या मनाशी केलेले सर्वांत कुशल वर्तन या अप्रशिक्षित माणसाचे आहे. आकृतीत त्याला एक चौकट मिळते. कथेत तो खरा चिकित्सक आहे. कथा आकृतीपेक्षा अधिक जाणते, आणि घाएमी यांची टीका आकृतीवर थांबते.

भारतीय वॉर्डातून वाचताना

भारतात मनोविकारशास्त्र सर्वसाधारण रुग्णालयात आले ते निराळ्या वाटेने. १९३३ मध्ये कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे पुढच्या आर. जी. कर महाविद्यालयात, गिरींद्रशेखर बोस यांनी मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात के. आर. मसानी यांनी तसाच विभाग उघडला. या विभागांचा मुख्य हेतू हृदयरुग्णांच्या मनाची विचारपूस हा नव्हता. मनोरुग्णालयाचा कलंक व अंतर टाळून मनोरुग्णालाच उपचार मिळावेत, हा होता. समन्वय हे दुय्यम फलित होते. एन. एन. विग यांनी १९७८ मध्ये या विभागांच्या मूल्यमापनाची वेळ आल्याचे म्हटले, तेव्हाही या विभागांनी भारतीय मनोविकारशास्त्राचा चेहरा बदलल्याची नोंद महत्त्वाची होती.

वाट निराळी असल्याने ग्लोव्हर यांची कथाही येथे निराळी वाचली जाते. त्या कथेतला निर्णायक क्षण एकटेपणाचा आहे: डॉक्टर निघून जातात आणि रुग्ण एकटा उरतो. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयात रुग्ण सहसा एकटा उरत नाही. खाटेजवळ मामा, मेहुणा, थोरली जाऊ किंवा गावचा एखादा जाणता माणूस असतो. रक्ताची बाटली तोच आणतो, केसपेपर तोच सांभाळतो, डॉक्टरांनी काय सांगितले ते रुग्णाला तोच आपल्या शब्दांत सांगतो, आणि काय सांगू नये हेही तोच ठरवतो. एंगेल यांच्या उतरंडीत कुटुंब ही व्यक्तीच्या वरची पातळी आहे. येथे ती व्यक्ती व डॉक्टर यांच्या मधली पातळी होते. रुग्णाशी एकांतात बोलणे हे रॉचेस्टरच्या पद्धतीचे पहिले पाऊल. येथे नातेवाईकाला थोडा वेळ बाहेर थांबायला सांगणे हेच मोठे काम असते, आणि त्याची मनधरणी करावी लागते.

हा फरक सर्वाधिक जाणवतो तो कीटकनाशक प्यालेल्या रुग्णाच्या बाबतीत. ग्रामीण महाराष्ट्रातील मेडिसिन वॉर्डाला हा रुग्ण अपरिचित नाही. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषावर ॲट्रोपिन दिले जाते, त्याची मात्रा वाढली की रुग्ण बडबडू लागतो, चादर ओढतो, हवेतले काहीतरी पकडू पाहतो. मग मनोविकारतज्ज्ञाला बोलावणे जाते. तो येतो आणि हा डेलिरियम आहे, ॲट्रोपिनची मात्रा तपासा, असे लिहून जातो. रोमानो-एंगेल यांचे १९४०च्या दशकातले ज्ञान येथे अक्षरशः उपयोगी पडते. दुसरे बोलावणे बहुधा घरी सोडण्याच्या दिवशी येते. तोवर रुग्ण शुद्धीवर असतो, खाटेभोवती घरची माणसे असतात आणि 'औषध फवारताना नाकातोंडात गेले' ही हकीकत सर्वांच्या तोंडी पक्की झालेली असते.

ही हकीकत खोटी आहे एवढे म्हणून भागत नाही. भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ ने आत्महत्येचा प्रयत्न हा दीर्घकाळ गुन्हा ठरवला होता, आणि पोलिसी जबाबाच्या सावलीत कुटुंबाने रचलेली ती संरक्षक कथा होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, अशा व्यक्तीला तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरले आणि तिच्या उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ ची जुनी तरतूद राहिली नाही. लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा शिक्षापात्र आहे. कायद्याने भीतीचे एक कारण दूर केले, तरी गावात काय म्हणतील हे कारण शिल्लक आहे, आणि वॉर्डात सांगितली जाणारी हकीकत लगेच बदलण्याचे कारण नाही.

एंगेल यांच्या निवेदकाला ग्लोव्हर सापडले, कारण ते बोलायला मोकळे होते. डिस्चार्जच्या दिवशी दहा मिनिटांसाठी आलेल्या मनोविकारतज्ज्ञासमोर जो तरुण बसलेला असतो, त्याच्या वतीने मामा बोलत असतो. मामा जे सांगतो तेच केसपेपरवर लिहिले जाते आणि खाली 'मनोविकारतज्ज्ञांनी तपासले' असा शेरा पडतो. समन्वयाचे तत्त्व येथे लागू करायचे तर तज्ज्ञाला पहिल्याच दिवशी, ॲट्रोपिन सुरू असताना, त्या वॉर्डात असावे लागेल. आणि त्याला पहिले संभाषण बहुधा रुग्णाशी नव्हे, तर मामाशी करावे लागेल. ग्लोव्हर यांच्या मालकाने जबाबदारी या शब्दाशी जे केले, ते अब्रू या शब्दाशी कसे करता येईल, याचे उदाहरण एंगेल यांच्या लेखात मिळत नाही.